पुणे ते मेलबर्न : समया, पेटी आणि पोथी कशी न्यायची?

शेवंती
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय, सांभाळून घ्या. नवऱ्याची मेलबर्नला बदली झालीये, किमान ४ वर्षं. कोथरूडचं घर भाड्याने देणार, म्हणजे सामान एकतर न्यायचं नाहीतर सासरी साताऱ्याला माळ्यावर टाकायचं. फर्निचर नेत नाहीये, तरी चाळीसेक खोके होतील म्हणतात. तीन कोटेशन घेतली. एकाने घरी माणूस पाठवला, त्याने कपाटं उघडून बघितली, पलंगाखाली वाकून बघितलं. दुसऱ्याने व्हिडिओ कॉलवर घर फिरवून दाखवायला लावलं. तिसऱ्याने फक्त "मॅडम किती बीएचके" एवढं विचारून आकडा सांगितला आणि तो पहिल्याच्या जवळजवळ निम्मा आहे. नवऱ्याचं मन अर्थातच तिसऱ्यावर.

माझा जीव अडकलाय तो पाच वस्तूंत. सासूबाईंच्या पितळी समयांची जोडी (कमरेएवढ्या आहेत, वर हंस), बाबांची वाजवायची पेटी, आजीच्या दोन पैठण्या, थोडी चांदीची भांडी आणि पणजोबांनी बोरूने लिहिलेली पोथी, लाल कापडात बांधलेली. दागिने वेगळे. हे कंटेनरमध्ये टाकायचं, विमानात न्यायचं की न्यायचंच नाही? आणि तो तिसरा म्हणतो "३ टक्के द्या, सगळं कव्हर होतं", हे खरं का?

टिंगलखोर
रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडे मौल्यवान वस्तू एकच, ती माझ्याशेजारी बसून हे वाचतेय.

मेलबर्नची_माई
शेवंती, ये ये, इकडे थंडीत पुरणपोळ्या करू. मी ९ वर्षांपूर्वी नाशिकहून आले.

चोरीची भीती नंतर, आधी इथल्या बायोसिक्युरिटीची (बाहेरची कीड, माती, बिया देशात येऊ न देणारं खातं) बाळग. माझ्या खोक्यांतून काय काय निघालं म्हणून सांगू, शिराईची केरसुणी, वेताचं सूप, देवघरातल्या डबीत राहिलेली अक्षता-सुपारी, मुलाच्या सायकलच्या टायरला नाशिकची काळी माती. खोके उघडून तपासले, केरसुणी आणि सूप गेलं, सायकल धुवायचे पैसे लावले ते वेगळेच. लाकूड असेल तर बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा दिसतोय का ते उन्हात धरून बघ. दिसला तर ते लाकूड तिथेच ठेव. इथे तो लाकूड पोखरणारा किडा सापडला तर धुरी देतात, परत पाठवतात नाहीतर जाळतात, आणि तिन्हीचा खर्च आपल्याच माथी. माझा पाट असाच गेला, आजेसासूबाईंचा होता. पोळपाट वाचला, का ते देवालाच ठाऊक.

सांगायचं एवढंच की फॉर्मवर जे जे विचारतील ते सगळं खरं लिही. लाकूड आहे, चामडं आहे, बिया आहेत. लिहिलं तर तपासतात, फार तर वस्तू जाते, लपवलं तर दंड.

निवांत_नागपूरकर
मी उलटा बोलणार आहे, हलके घ्या. काहीही नेऊ नका. आम्ही २ सुटकेस माणशी घेऊन गेलो, बाकी तिकडे घेतलं. ४० खोक्यांचं भाडं, विमा, तिकडचं क्लिअरन्स, तिकडच्या मजुरांची हमाली बेरीज करा आणि त्या पैशात नवा संसार येतो का बघा. लोक मिक्सर नेतात हो!

मेलबर्नची_माई
@निवांत_नागपूरकर, मिक्सर नेलेलाच बरा. इथे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच आहे आपल्यासारखं, फक्त पिन बदलायची. अमेरिकेला जात असती तर तुमचं ऐकलं असतं. आणि नेमकी इथली मिक्सरची भांडी खोबरं वाटत नाहीत, चघळतात.

निवांत_नागपूरकर
मिक्सर नवा घेऊन न्या मग.

मेलबर्नची_माई
नवा नको! ही चूक लोक फार करतात. मागून येणाऱ्या घरसामानावर ड्युटी-कर माफ आहे तो १२ महिने वापरलेल्या वस्तूंना. निघायच्या आठवड्यात बाजीराव रोडवरून खरेदी करून खोक्यात भरली की त्याचा हिशेब वेगळा होतो.

गोदीवाला
मी न्हावाशेवाला कस्टम क्लिअरिंगमध्ये २२ वर्षं आहे. ताई, थोडं लांबलचक होईल, पण नीट वाचा.

पहिलं, तिसरा कोटवाला. न बघता दिलेला आकडा हा आकडाच नव्हे. बहुतेक वेळा त्यात "डोअर टू पोर्ट" असतं, म्हणजे मेलबर्नच्या धक्क्यापर्यंत. तिथले टर्मिनलचे चार्जेस, क्लिअरन्स, तपासणी, घरपोच आणणं, सगळं तिथे गेल्यावर सांगतात आणि तेव्हा माल त्यांच्या हातात असतो, तुमच्या नाही. लेखी विचारा, "डोअर टू डोअर का? त्यात काय काय नाही?" 'काय नाही' हा प्रश्न महत्त्वाचा. नाव नीट वाचा, नामांकित कंपनीच्या नावात एखादं अक्षर बदलून दुकानं थाटलेली असतात.

दुसरं, ३ टक्के. हे विचारलंत ते फार बरं केलंत. पॅकर्सवाले बिलात एफओव्ही किंवा रिस्क चार्ज म्हणून टक्केवारी लावतात, तो विमा नसतो, ती त्यांची स्वतःची तोंडी हमी असते. विमा म्हणजे विमा कंपनीचं मरीन पॉलिसीचं सर्टिफिकेट, त्यावर तुमचं नाव, तुमची यादी. ते हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि 'ऑल रिस्क' आहे का 'टोटल लॉस' ते बघा. टोटल लॉस म्हणजे जहाजच बुडालं तर मिळणार, समई वाकली तर काही नाही. किंमतही कमी लिहू नका. १० लाखांचं सामान ५ लाख लिहिलंत आणि १ लाखाचं नुकसान झालं तर ५० हजारच मिळतात, कारण अर्धाच विमा उतरवला होता असं धरतात. प्रीमियम वाचवायला लोक हे करतात आणि मग आमच्या ऑफिसात येऊन रडतात.

तिसरं, यादी. सगळा खेळ यादीचा आहे. पॅकर्सची पोरं खोक्यावर "किचन मिक्स" लिहून मोकळी होतात. यादीत समई नाही तर जगात समई नाही. त्यांच्या कागदावर वस्तूपुढे बारीक खुणा असतात, ओरखडा, पोचा, तडा असे. तुमची समई लखलखीत असेल आणि त्यांनी "ओरखडे आहेत" लिहिलं असेल तर तिथेच खोडायला लावा, सही नंतर. आणि स्वतः भरलेला खोका यादीत पीबीओ म्हणून जातो, म्हणजे मालकाने भरलेला. त्यात आतलं फुटलं तर बहुतेक पॉलिसी हात वर करतात. मौल्यवान ते त्यांनाच भरू द्या, तुम्ही समोर खुर्ची टाकून बसा.

चौथं, ४० खोक्यांत २० फुटी कंटेनर भरत नाही (त्यात साधारण ३३ घनमीटर मावतं). म्हणजे एलसीएल, दहा घरांचं सामान एकाच डब्यात. तेव्हा खोके सुटे देऊ नका, लिफ्टव्हॅन मागा, म्हणजे मोठी लाकडी पेटी. ती तुमच्या दारात भरून, दारात बंद करून, नंबरचं सील लावून घ्या, फोटो काढा. पेटीच्या फळ्यांवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का हवा, म्हणजे लाकूड तापवून किंवा धुरी देऊन कीडमुक्त केलेलं आहे. शिक्का नसलेली पेटी ऑस्ट्रेलियात माईंच्या पाटाच्या वाटेने जाईल.

टिंगलखोर
"यादीत समई नाही तर जगात समई नाही." गोदीवाले, हे चहाच्या टपरीवर लिहून लावा.

ऋतुजा_जर्सीवाली
गोदीवाल्यांशी शंभर टक्के सहमत, माझी जखम अजून ओली आहे. आम्ही उलटे आलो, न्यू जर्सीहून बाणेरला. ज्याच्याशी बोललो तो नुसता ब्रोकर निघाला हे ट्रक दारात आल्यावर कळलं, ट्रकवर भलतंच नाव. सामान चढलं, नंतर फोन की व्हॉल्यूम जास्त भरलंय, अमुक डॉलर आणखी भरा, नाहीतर गोडाऊनला पडेल आणि रोजचं भाडं लागेल. भरले, करतो काय. तीन महिन्यांनी खोके आले ते एक कमी. त्यात लग्नातलं चांदीचं ताट-वाटी-फुलपात्र होतं. यादीत काय लिहिलेलं? "किचन, इतर." विम्याच्या माणसाने अगदी गोड आवाजात विचारलं, मॅडम, स्टीलची भांडी का? त्यावर मी काय बोलले ते इथे लिहिलं तर संपादक प्रतिसाद उडवतील.

चांदी, दागिने, पासपोर्ट, मार्कशीटा, घराचे कागद, हार्ड डिस्क, एवढं काहीही झालं तरी हातातल्या बॅगेत. दागिने-रोकड-कागदपत्रं पॉलिसीत बहुतेक वगळलेलीच असतात.

चहाबाज
ट्रक थांबवून पैसे मागणं हा प्रकार पुणे-बंगलोरलाही होतो, वाकडचा माझा मित्र ११ तास आपल्याच फ्रिजची वाट बघत होता.

शेवंती
बापरे. नवऱ्याला ऋतुजाताईंचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, तिसरा कोट बाद. गोदीवालेकाका, जहाज बुडणं वगैरे खरंच होतं का हो? का विमेवाले घाबरवतात?

गोदीवाला
होतं. २५ मे २०२५ ला एमएससी एल्सा ३ कोचीजवळ बुडालं, सहाशेच्या वर कंटेनर होते, काही वाहत कोल्लम-आलप्पुळाच्या किनाऱ्याला लागले. पण बुडणं विरळा. जास्त लोक पोळतात ते 'जनरल अ‍ॅव्हरेज'ने. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन सुएझमध्ये आडवं रुतलं होतं, आठवतंय? जहाज सोडवायचा खर्च जहाजमालक आणि त्यावरचे सगळे मालवाले यांच्यात वाटला जातो, जुना समुद्री कायदा आहे. तुमचा खोका सुखरूप असला तरी तुमच्या वाटणीची हमी दिल्याशिवाय तो सोडत नाहीत. विमा असेल तर विमा कंपनी निस्तरते. नसेल तर तुम्ही.

टिंगलखोर
म्हणजे सोसायटीची लिफ्ट बंद पडली तरी तळमजल्यावाल्याने वर्गणी द्यायची, तसंच की.

घोडचूक
आमच्या सोसायटीत तळमजलावाले लिफ्टचे पैसे देत नाहीत, त्यावर सहा वर्षं वाद चालू आहे.

(इथून पुढे लिफ्ट आणि मेंटेनन्सवर ११ प्रतिसाद दुसऱ्या धाग्यावर हलवले आहेत. – संपादक)

बखरबहाद्दर
सगळे समई-चांदीवर बोलताहेत आणि खरा घोळ पोथीत आहे हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

शेवंतीताई, १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा बघा. १०० वर्षांहून जुनी मूर्ती, नाणं, धातूकाम, कलाकुसर म्हणजे पुरावस्तू. हस्तलिखिताला मात्र मर्यादा ७५ वर्षांची, जर त्याला ऐतिहासिक, वाङ्मयीन वगैरे मूल्य असेल तर. आणि पुरावस्तू देशाबाहेर न्यायचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्यांनी नेमलेल्या संस्थेला आहे. खासगी माणसाला नाही. पणजोबांची पोथी म्हणजे सहज शंभरीपार असेल. तिला मूल्य आहे की नाही हे तुम्ही-मी ठरवायचं नाही, पुरातत्त्व खातं ठरवतं, त्यांच्याकडून 'ही पुरावस्तू नाही' असा दाखला घ्यावा लागतो. मुंबई मंडळाचं ऑफिस सायनच्या किल्ल्यात आहे, तिथे चौकशी करा. समया कधीच्या आहेत?

शेवंती
समया सासूबाईंच्या लग्नातल्या, १९७४. पोथीवर शके १८३२ आहे. म्हणजे १९१०. आता काय करू?

घोडचूक
हे म्हणजे अतिच झालं. आपल्या पणजोबांची पोथी, आपल्या घरातली, आणि न्यायला सरकारची परवानगी? कोहिनूर नेताना कुणी दाखला घेतला होता?

बखरबहाद्दर
कोहिनूर गेला म्हणूनच कायदा आला असं समजा. गावोगावच्या देवळांतल्या मूर्ती रातोरात गायब होऊन परदेशी लिलावात निघाल्या, त्याला आळा म्हणून हा कायदा आहे. त्यात तुमची-आमची पोथी भरडते हे मान्य.

घोडचूक
पण गुपचूप साडीच्या घडीत घालून नेली तर कोण बघतंय?

गोदीवाला
स्कॅनर बघतो. आणि ताईंच्या यादीतच ती असेल किंवा नसेल. असेल तर अडकेल, नसेल तर विमा नाही. घोडचूक, तुमचं नाव सार्थ आहे.

बखरबहाद्दर
ताई, माझं ऐकाल तर पोथी साताऱ्यालाच ठेवा, पण माळ्यावर नको, उंदीर-वाळवी आणि पत्र्याची उष्णता. आणि निघण्याआधी पानन् पान फोटो काढून ठेवा, खिडकीजवळ, फ्लॅश न लावता. पानं खाली प्लास्टिकवर ठेवू नका. पुण्यात भांडारकर संस्था आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, हस्तलिखितं सांभाळणारे लोक आहेत तिथे, जाऊन नुसतं विचारलं तरी कशात बांधायची, कुठे ठेवायची ते कळेल. समया ५० वर्षांच्याच आहेत, पण काळवंडलेलं पितळ बघून कस्टमवाला थबकू शकतो. लग्नातला फोटो असेल, ज्यात समया दिसतात, तर त्याची प्रत जवळ ठेवा.

सूरपेटी
पेटीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मी गेली काही वर्षं बर्मिंगहॅमला क्लास घेते, तीन पेट्या नेल्यात. भाता बंद करून पट्ट्याने आवळून घ्या, सगळ्या कळा (स्टॉप) आत ढकला, पट्ट्यांवर मऊ कापडाची घडी ठेवून मग झाकण लावा, म्हणजे प्रवासात पट्ट्या नाचत नाहीत. कंटेनरमध्ये दिवसा भट्टी आणि रात्री गारठा, छतातून पाणी ठिबकतं अक्षरशः, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या भरपूर टाका. पोचल्यावर लगेच वाजवायला बसू नका, खोलीत आठवडाभर राहू द्या. आणि तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागल्यावर आमच्या बाजूची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली, माझी तिसरी पेटी ठरलेल्या तारखेनंतर ५ आठवड्यांनी आली. तुमची वाट वेगळी, तरी दोन महिने सामानाशिवाय राहता येईल असं धरून बॅगा भरा.

सराफकट्टा
दागिन्यांचं. घालून जा, डब्यात भरून जा, काहीही करा, पण भारतातून निघताना विमानतळावर कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या. दागिने, फोटो आणि सराफाचं वजन-शुद्धतेचं मूल्यांकन घेऊन जा. हे जाण्यासाठी नाही, परत येण्यासाठी लागतं. ४ वर्षांनी येताना "हे इथूनच नेलं होतं" याचा पुरावा नसला की आपल्याच मंगळसूत्रावर ड्युटी भरायची वेळ येते. चेक-इनच्या आधी करायचं काम आहे, तीन तास लवकर जा, कारण त्या टेबलावरचा माणूस नेहमी चहाला गेलेला असतो.

पैठण्या हातबॅगेत. मलमलमध्ये गुंडाळा, व्हॅक्युमची पिशवी अजिबात नको, घडीवर जरीची तार तुटते.

ठाण्याची_सुलभा
वाखु (वाचनखूण) साठवली. एक शंका, समईचे भाग आट्यांचे असतात ना? मग सुटे करून वेगवेगळे गुंडाळायचे का अख्खी?

गोदीवाला
सुटे. पण प्रत्येक भागाचे आटे पुठ्ठ्याने झाका, आटे दबले की समई मेली. आणि यादीत "समई जोडी १" लिहू नका, "समई १, समई २" अशी वेगळी, उंची आणि वजनासकट, पोचली की लगेच मोजता येतं. एक फुटली तर मात्र बऱ्याच पॉलिसी फुटलेल्या एकीचेच पैसे देतात, जोडी मोडल्याचे नाही. हेही आधी वाचून घ्या.

निवांत_नागपूरकर
इतका व्याप! मी म्हणत होतो ना.

टिंगलखोर
तुमच्या दोन सुटकेसमध्ये काय होतं ते तरी सांगा.

निवांत_नागपूरकर
सावजी मसाला. आणि हो, मेलबर्न नव्हतं, दुबई होतं.

मेलबर्नची_माई
दुबई!! आणि आम्ही तुमचं एवढं मनावर घेत होतो.

(साडेचार महिन्यांनी)

शेवंती
धागा वर काढतेय, कारण तुम्हा सगळ्यांना खबर द्यायची राहिली. आलो, सामानही आलं, ठरल्यापेक्षा १९ दिवस उशिरा.

पहिल्याच कोटवाल्याला दिलं, पलंगाखाली वाकलेला. पॅकिंगच्या दिवशी काकांनी सांगितल्याप्रमाणे खुर्ची टाकून बसले. पोराने समईपुढे पेनने "ओरखडे" लिहायला सुरुवात केलीच, मी म्हटलं थांब दादा, दाखव कुठे. तो हसला आणि खोडलं. लिफ्टव्हॅनला सील माझ्यासमोर, नंबर अजून फोनमध्ये आहे. विम्याचं सर्टिफिकेट माझ्या नावाचं.

बायोसिक्युरिटीने दोन खोके उघडले, पोळपाट-लाटणं बघून परत दिलं. देवघरातली अक्षता मी काढली होती पण सासूबाईंनी पाठवणीची म्हणून एका तांब्यात सुपारी आणि हळकुंड घातलं होतं ते मला माहीतच नव्हतं, ते गेलं. नवऱ्याने "कशाला त्यांना हात लावू देतेस" म्हणून त्याचे सहा काचेचे ग्लास स्वतः वर्तमानपत्रात गुंडाळून भरले होते, खोका नं. १७. पीबीओ. सहातले चार गेले आणि एक पैसा मिळणार नाही. मी काही बोलले नाही, फक्त हा धागा उघडून त्याच्यासमोर ठेवला.

पेटी छान आहे, काळी चारचा एक सूर चिकटला होता, आठवडाभरात आपोआप सुटला. पैठण्या माझ्यासोबत आल्या. चांदीही. पोथी साताऱ्याला दिरांकडे, आता लाकडी कपाटात. २१२ पानांचे फोटो काढले, गच्चीवरच्या खोलीत, दोन रविवार गेले. मधल्या एका पानावर समासात पणजोबांनी बाजूला घरखर्चाचा हिशेब लिहिलाय, तांदूळ आणि रॉकेल, ते कुणालाच माहीत नव्हतं.

आणि समई. एकीची मधली दांडी वाकली आणि खालचे आटे चेपले. डिलिव्हरीच्या कागदावर "खोके न उघडता" लिहून सही केली होती, त्याच दिवशी फोटो पाठवले. क्लेम मंजूर झालाय, एकीचाच, काका म्हणाले तसंच. त्या पैशात नवी समई येईल पण हंस तसा येणार नाही.

गोदीवाला
मंजूर झाला हेच खूप. शाबास.

ठाण्याची_सुलभा
दांडी पुण्यात करून मिळेल की. कसब्यात तांबट आळीत विचारा कुणालातरी.

शेवंती
@सुलभाताई, सासरे कालच जाऊन आले! कारागीर म्हणाला दांडी ओतून देतो पण आटे जुळायला हवेत, दुसरी समई उघडून जाडी आणि एका बोटात किती फेरे येतात ते मोजून कळवा. आता मी दोरा आणि पट्टी घेऊन जमिनीवर बसलेय. सात येताहेत का साडेसात ते कळत नाहीये, कुणाला माहितीये का हे कसं मोजतात?

सूरपेटी
आट्यांवर कागद दाबून पेन्सिल घासा, ठसा उमटेल. तोच कागद पोस्टाने पाठवा.